मोबाईलवरील वेगवान माहितीसेवा : पाकिटांचा प्रवास आणि नगर जिल्ह्याचा भूगोल

अहिल्यानगर (खास प्रतिनिधी) : पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढावी म्हणून पूर्वी शेतकरी तलाठ्याची वाट पाहत असे. आता तो बांधावर उभा राहून मोबाईलच्या पडद्यावरील एका लहानशा फिरत्या वर्तुळाकडे पाहत असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणी उपक्रमात शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र काढावयाचे आणि ते ॲपमधून शासनाकडे पाठवावयाचे असते. पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी अशा अनेक गोष्टींसाठी ही नोंद विचारली जाते. नोंदीला मुदत असते. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत गावोगावी एकच तक्रार ऐकू येते, ‘रेंज पूर्ण दिसते, पण फोटो जात नाही.’

ही तक्रार खोटी नाही आणि तिच्यामागे केवळ कोणाचा हलगर्जीपणा असतो असेही नाही. मोबाईलवरील माहितीसेवा कशी चालते, तिचा वेग कोण ठरवितो, एकाच मनोऱ्याखाली दोन माणसांना दोन वेगळे अनुभव का येतात, हे समजून घेतले तर या तक्रारीचा उलगडा होतो. नगर जिल्हा त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेने अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामुळे राज्यात सर्वांत मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे सरासरी २६६ माणसे राहत होती. राज्याची सरासरी ३६५ होती. एका टोकाला अकोले तालुक्यातील कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, तर दुसऱ्या टोकाला जामखेड-कर्जतचे मोकळे माळरान. शिर्डीत माणसांची दाटी, तर घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये मोजकी घरे. रेडिओलहरींच्या सर्व अडचणी या एका जिल्ह्यात भेटतात.

आवाजाची वाट आणि माहितीची वाट

भारतात पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तत्कालीन दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बातचीत केली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. या दोन घटना एकाच पंधरवड्यातल्या असल्या तरी मोबाईल आणि इंटरनेट यांची खरी गाठ पडावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली. याचे कारण दोघांच्या मूळ रचनेत होते.

जुन्या दूरध्वनी पद्धतीत बोलणे सुरू होताच दोन व्यक्तींमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. दोघे गप्प बसले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. एका प्रवाशासाठी संपूर्ण एस.टी. गाडी राखून ठेवावी, तसाच हा प्रकार. आवाजासाठी ही पद्धत ठीक होती. माहितीसाठी मात्र ती उधळपट्टी ठरते. संगणकावर किंवा फोनवर एखादे पान उघडले की क्षणभर भरपूर माहिती येते आणि मग वाचक ते पान वाचत असेपर्यंत काहीच येत नाही. या रिकाम्या वेळात वाट अडवून ठेवण्यात अर्थ नसतो.

यावरचा उपाय म्हणजे माहितीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता लिहिणे आणि वाट मोकळी मिळेल तसतसे ते पुढे धाडणे. या तुकड्यांना पाकिटे म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. इंटरनेटची उभारणी याच पायावर झाली. पाकीट पद्धतीत वाट कोणा एकाच्या मालकीची नसते. ती सर्वांची असते. यातच तिचे सामर्थ्य आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिची मर्यादाही यातच आहे.

‘जी’, ‘ई’ आणि ‘एच’

फोनच्या पडद्यावर रेंजच्या काड्यांशेजारी एक लहान अक्षर उमटते. बहुतेक ग्राहक त्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक माहितीसेवेचा सर्व इतिहास त्या अक्षरात दडला आहे.

दुसऱ्या पिढीच्या जीएसएम यंत्रणेत प्रत्येक वाहक लहर २०० किलोहर्ट्झ रुंदीची असते आणि तिचे आठ कालखंड पाडलेले असतात. आवाजासाठी राखलेल्या एका कालखंडातून प्रारंभी सेकंदाला अवघे ९.६ किलोबिट एवढीच माहिती जात असे. जीपीआरएस या सुधारणेने हेच कालखंड पाकिटांसाठी सामायिक केले. एका कालखंडातून ९ ते २१ किलोबिट आणि फोनला तीन-चार कालखंड मिळाले तर त्या पटीत वेग मिळू लागला. पडद्यावरचे ‘जी’ हे अक्षर या सेवेचे. पुढे ‘एज’ या तंत्राने लहरीच्या प्रत्येक स्पंदनात एकाऐवजी तीन बिट बसविले आणि एका कालखंडाचा वेग कमाल ५९ किलोबिटपर्यंत नेला. ‘ई’ हे अक्षर त्याचे.

तिसऱ्या पिढीने वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झवरून थेट ५ मेगाहर्ट्झवर नेली. जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने १ ऑक्टोबर २००१ रोजी या पद्धतीची पहिली व्यापारी सेवा सुरू केली. तिचा वेग सुरुवातीस कमाल ३८४ किलोबिट होता. तथापि, या प्रारंभीच्या तिसऱ्या पिढीतही माहितीसाठी बव्हंशी जुन्याच पद्धतीने प्रत्येकाची वाट राखून ठेवली जात असे. खरा बदल झाला तो २००२ साली प्रमाणित झालेल्या एचएसडीपीए या सुधारणेने. अमेरिकेत डिसेंबर २००५ मध्ये तिची व्यापारी सेवा सुरू झाली आणि फोनवर ‘एच’ हे अक्षर आले. सेकंदाला १४ मेगाबिटपर्यंतचा वेग तिने कागदावर तरी शक्य केला. त्यानंतर आलेल्या एचएसयूपीए सुधारणेने फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या उलट वाटेचा वेग कमाल ५.७६ मेगाबिटवर नेला. पुढील ‘एच प्लस’ने उतरत्या वाटेचा आकडा २१ आणि दोन वाहक लहरी जोडून ४२ मेगाबिटवर नेला.

पाटपाण्याचे आवर्तन

एचएसडीपीएने नेमके काय केले, हे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड नाही. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांवर पाण्याचे आवर्तन सुटते तेव्हा जे प्रश्न उभे राहतात, तेच प्रश्न मनोऱ्यासमोर असतात. पाणी एकच, कालवा एकच, मागणारे अनेक. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी सहज मिळते. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचेतो बरेचसे झिरपून गेलेले असते.

पहिला बदल असा, की प्रत्येकाला वेगळा नळ देण्याऐवजी एकच मोठा सामायिक पाट ठेवला गेला आणि दर दोन मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पाचशे वेळा, तो कोणाच्या दिशेने वळवावयाचा हे ठरविले जाऊ लागले. दुसरा बदल, हा निर्णय दूरच्या नियंत्रण केंद्राऐवजी मनोऱ्याशीच होऊ लागला. त्यामुळे हवेतील परिस्थिती बदलताच निर्णयही बदलू शकतो. यासाठी प्रत्येक फोन आपल्याला लहर किती स्वच्छ ऐकू येते याचा अहवाल मनोऱ्याला सतत धाडत असतो.

तिसरा बदल भाराचा. ऊस वाहणारी ट्रॉली डांबरी रस्त्यावर भरभरून नेता येते. चिखलाच्या पाणंदीतून तीच अर्धी भरावी लागते. त्याचप्रमाणे लहर स्वच्छ असेल तेव्हा प्रत्येक स्पंदनात चार बिट भरले जातात, ती गढूळ असेल तेव्हा दोनच. पुढील सुधारणांनी हा भार सहा आणि आठ बिटांपर्यंत नेला. मनोऱ्याजवळच्या ग्राहकाला जास्त वेग मिळतो तो मुख्यतः या कारणाने. त्याच्यासाठी ट्रॉली भरून निघते.

चौथा बदल चुकीच्या दुरुस्तीचा. पावसात भिजलेले पत्र वाचता आले नाही तर पूर्वी ते फेकून दुसरी प्रत मागविली जाई. आता भिजलेली प्रत जपून ठेवली जाते आणि दुसरी प्रतही भिजून आली, तरी दोन्ही ताडून मजकूर लावला जातो. यामुळे फुकट जाणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या.

राहिला प्रश्न न्यायाचा. पाट प्रत्येक वेळी सर्वांत स्वच्छ लहर असलेल्याकडेच वळविला, तर एकूण माहिती सर्वाधिक वाहते; पण टेलचा ग्राहक कोरडा राहतो. सर्वांना सारखे माप दिले, तर दूरच्या ग्राहकांवर इतका वेळ खर्च होतो की एकूण वहनच घटते. यातून निघालेला मध्यम मार्ग असा, की प्रत्येकाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःच्या सरासरीशी करावयाची. ज्याची लहर या क्षणी त्याच्या नेहमीपेक्षा अधिक स्वच्छ आहे आणि ज्याला अलीकडे कमी मिळाले आहे, त्याची पाळी आधी. या प्रमाणबद्ध न्यायाच्या सूत्राने टेलच्या ग्राहकालाही पाळी मिळते. मात्र त्याच्या पाळीत ट्रॉली अर्धीच भरलेली असते, हे विसरता येत नाही.

डोंगलचे दिवस

याच तत्त्वांवर चालणारी दुसरी एक शाखा भारतात आधी लोकप्रिय झाली. सीडीएमए पद्धतीतील ईव्ही-डीओ या सेवेत १.२५ मेगाहर्ट्झची पूर्ण लहर केवळ पाकिटांसाठी वापरली जाई. तिचा प्रारंभीचा कमाल वेग २.४ मेगाबिट आणि सुधारित आवृत्तीचा ३.१ मेगाबिट होता. दक्षिण कोरियात जानेवारी २००२ मध्ये सुरू झालेली ही सेवा भारतात टाटाच्या ‘फोटॉन प्लस’ आणि रिलायन्सच्या ‘नेटकनेक्ट ब्रॉडबँड प्लस’ या नावांनी, संगणकाला जोडावयाच्या डोंगलच्या रूपाने घरोघरी आली. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या पिढीला हे डोंगल म्हणजे मोठेच अप्रूप होते. या सेवा आता इतिहासजमा झाल्या आहेत. टाटाचा मोबाईल ग्राहकवर्ग १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये विलीन झाला. रिलायन्स कम्युनिकेशन्सने त्याआधीच, २०१७ च्या अखेरीस, आवाजाची सेवा बंद केली होती.

लिलाव आणि महाराष्ट्र परिमंडळ

दूरसंचार विभागाच्या नकाशावर नगर जिल्हा महाराष्ट्र परिमंडळात येतो. मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे आणि गोवा महाराष्ट्राला जोडलेला आहे. या विभागणीचा ग्राहकावर थेट परिणाम झाला.

सरकारी कंपन्यांनी तिसऱ्या पिढीत आधी पाऊल टाकले. महानगर टेलिफोन निगमने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि भारत संचार निगमने फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत सेवा सुरू केली. खासगी कंपन्यांसाठी लिलाव ९ एप्रिल २०१० रोजी सुरू झाला आणि ३४ दिवस, १८३ फेऱ्या चालून १९ मे रोजी संपला. संपूर्ण देशासाठीची राखीव किंमत ३,५०० कोटी रुपये होती. अंतिम बोली १६,७५० कोटींवर गेली. सरकारच्या तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी रुपये आले. महाराष्ट्र परिमंडळात टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना प्रत्येकी एक हिस्सा मिळाला. त्यासाठी प्रत्येकीने सुमारे १,२५८ कोटी रुपये मोजले.

एअरटेलला महाराष्ट्र मिळाला नाही. या कंपनीने येथील ग्राहकांना तिसऱ्या पिढीची सेवा दिली ती इतर कंपन्यांच्या मनोऱ्यांवरून, आपसांतील कराराने. दूरसंचार विभागाने २०११ साली या करारांना हरकत घेतली. प्रकरण न्यायाधिकरणात गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निर्णय लागला. ग्राहकाच्या सिमकार्डावर एका कंपनीचे नाव आणि लहर दुसऱ्या कंपनीची, असा तो काळ होता.

चौथी आणि पाचवी पिढी

चौथ्या पिढीने पाकीट पद्धत शेवटास नेली. तिच्यात आवाजासाठी वेगळी वाटच उरली नाही; बोलणेसुद्धा पाकिटांतून जाते. ५ मेगाहर्ट्झच्या एका रुंद लहरीऐवजी १५ किलोहर्ट्झच्या शेकडो अरुंद लहरी शेजारीशेजारी वापरल्या जातात आणि दर मिलिसेकंदाला त्यांचे गठ्ठे ग्राहकांत वाटले जातात. वाटपाचे तत्त्व तेच. पाट मात्र वेळेनुसार आणि लहरींनुसार, असा दोन्ही अंगांनी विभागता येऊ लागला.

वेग वाढविणारी दुसरी गोष्ट म्हणजे एकापेक्षा अधिक ॲन्टेना. एकाच लहरीवरून एकाच वेळी अनेक प्रवाह पाठविण्याच्या या तंत्राचे मूळ पेटंट अर्ज १९९२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांनी केला. या दोघांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे, हे फारसे ठाऊक नसते. कैलथ यांचा जन्म पुण्यातला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५६ साली पदवीधर झाले. पॉलराज यांचे शिक्षण लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. दोघांनाही पुढे पद्मभूषण किताब मिळाला.

भारतात चौथी पिढी एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात आणली. तिचा सर्वदूर प्रसार ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर झाला. जिओने दुसरी व तिसरी पिढी न उभारता थेट चौथीच उभारली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. एअरटेलने २०२० पर्यंत तिसरी पिढी गुंडाळली, तर व्होडाफोन आयडियाने तिच्या लहरी टप्प्याटप्प्याने चौथीकडे वळविल्या. पाचवी पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. भारत संचार निगमची देशी तंत्रज्ञानावरील चौथी पिढी २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

काड्या पूर्ण, तरी छायाचित्र का जात नाही?

आता मूळ तक्रारीकडे वळू. मनोरा एका वाहक लहरीसाठी साधारणतः २० ते ४० वॅट शक्ती वापरतो. चौथ्या पिढीचा फोन मात्र कमाल ०.२ वॅटवर बोलतो. मनोरा भोंग्यावरून ओरडतो आणि फोन कुजबुजतो, असे म्हटले तरी चालेल. मनोऱ्याचा कान तीक्ष्ण असल्याने ही तफावत काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

फोनवरील काड्या फक्त एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे फोनला मनोरा किती मोठ्याने ऐकू येतो. मनोऱ्याला फोन ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. म्हणूनच दूरच्या शेतात चित्रफीत पाहता येते आणि छायाचित्र पाठविता येत नाही. पाहणे ही उतरती वाट आहे, पाठविणे ही चढती. मनोरंजनासाठी उतरती वाट पुरते. ई-पीक पाहणीसाठी, विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाठविण्यासाठी, पंचनाम्यासाठी चढती वाट लागते. जाहिरातीत सांगितला जाणारा वेग बहुधा उतरत्या वाटेचा असतो.

थोडा हिशेब करून पाहू. फोनने काढलेले छायाचित्र तीन मेगाबाइटचे आहे असे धरू. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे ते २४ मेगाबिट झाले. जाहिरातीतील वेग बिटांत आणि छायाचित्राचा आकार बाइटमध्ये मोजला जात असल्याने ग्राहकाचा आठ पटींनी गैरसमज होतो, हेही लक्षात घ्यावे. हे छायाचित्र सेकंदाला २० किलोबिटच्या ‘जी’ वेगाने पाठवावयास वीस मिनिटे लागतील; १०० किलोबिटच्या ‘ई’ वेगाने चार मिनिटे; ३८४ किलोबिटने एक मिनिटाहून किंचित अधिक; दोन मेगाबिटने बारा सेकंद. वीस मिनिटांत एकदा जरी जोडणी तुटली, तरी अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फिरते वर्तुळ थांबत नाही ते यामुळे.

शिर्डीची गर्दी

जिल्ह्यात याच्या नेमका उलट अनुभव शिर्डीत येऊ शकतो. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या तीन मोठ्या उत्सवांत तेथे अफाट गर्दी लोटते. मनोरा जवळ असतो, लहर स्वच्छ असते, काड्या पूर्ण असतात आणि तरीही माहिती पुढे सरकत नाही. येथे दोष अंतराचा नाही. तो वाटणीचा आहे. मनोऱ्याच्या एका दिशेची प्रत्यक्ष क्षमता सेकंदाला ३० मेगाबिट आहे आणि एकाच वेळी शंभर जण माहिती मागत आहेत असे मानले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३०० किलोबिट येतात. हजार जण आले तर ३० किलोबिट, म्हणजे पुन्हा जीपीआरएसचेच दिवस.

यावर उपाय म्हणजे क्षेत्र लहान करून मनोरे वाढविणे, अधिक लहरी वापरणे आणि उत्सवकाळात फिरते मनोरे आणणे. पाचव्या पिढीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रुंद पट्ट्याचा खरा उपयोग अशा दाटीच्या ठिकाणी आहे.

अकोल्याचे डोंगर

हाच पट्टा अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात मात्र तोकडा पडतो. लहरीची कंप्रता जितकी जास्त, तितकी ती डोंगरामागे वळण्यास आणि भिंतीतून आत शिरण्यास नाखूश. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, अडथळ्याभोवती काहीशा वळतात; पण त्यांचे पट्टे अरुंद असल्याने क्षमता कमी असते. घाटघर, रतनवाडी, साम्रद ही भंडारदऱ्यापलीकडची गावे कळसूबाई आणि रतनगडाच्या रांगांनी वेढलेली आहेत. अशा भूगोलात सपाटीवर अनेक गावांना पुरणारा मनोरा एका खोऱ्यापुरताच उरतो. प्रत्येक खोऱ्याला स्वतंत्र मनोरा हवा आणि तेथे ग्राहक थोडे, त्यामुळे कंपनीचा हिशेब जुळत नाही.

हा हिशेब बाजारावर सोडून चालत नाही म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला; २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. याच निधीच्या आधारे केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी देशातील सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची चौथ्या पिढीची योजना मंजूर केली आणि काम भारत संचार निगमकडे सोपविले. २०२० साली शाळा बंद पडून अभ्यास फोनवर आला, तेव्हा डोंगराळ भागातील मुलांच्या वाट्याला काय आले ते राज्याने पाहिले आहे. लहर नसणे म्हणजे त्या वर्षी शाळा नसणे होते.

मनोऱ्यामागची वाट

मनोरा उभा राहिला म्हणजे काम संपले, असेही नाही. मनोऱ्यापासून पुढे माहिती प्रकाशतंतूतून किंवा सूक्ष्मलहरींच्या दुव्यातून जाते. हा दुवा अरुंद असेल, तर हवेत चौथी किंवा पाचवी पिढी असूनही वेग मिळत नाही; नदीवर रुंद पूल आणि पलीकडे पाणंद, अशी ती स्थिती. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणारी भारतनेट योजना २०११ साली मंजूर झाली ती गावापर्यंतच्या या दुव्यासाठीच. खोदाईत तंतू तुटणे आणि वीज खंडित झाल्यावर मनोऱ्यावरील बॅटरी उतरणे, ही ग्रामीण भागात सेवा बंद पडण्याची नेहमीची कारणे आहेत.

ग्राहकाने काय करावे?

पहिली गोष्ट, काड्यांपेक्षा शेजारचे अक्षर पाहावे. ते ‘ई’ किंवा ‘जी’ असेल, तर छायाचित्र पाठविण्याचा हट्ट धरू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ‘मायस्पीड’ ॲपवर उतरता आणि चढता, असे दोन्ही वेग मोजता येतात. त्यांपैकी चढता वेग टिपून ठेवावा.

दुसरी, ई-पीक पाहणीत शेतात नोंद करून ती फोनमध्ये जपून ठेवता येते आणि चांगली लहर मिळताच पाठविता येते. नोंद शेतात आणि पाठवणी उंचवट्यावर, असे दोन टप्पे केल्यास त्रास वाचतो. पहाटे किंवा रात्री उशिरा मनोऱ्यावरचा भार कमी असतो. मुदतीचा शेवटचा दिवस टाळणे सर्वांत हिताचे, कारण त्या दिवशी शिर्डीची गर्दी शिवारात उतरलेली असते.

तिसरी, पाचव्या पिढीची लहर क्षीण असेल तेथे फोन चौथ्या पिढीवर ठेवावा. वरचा आकडा म्हणजे नेहमीच वरचा वेग, असे नाही.

चौथी, नवे सिमकार्ड घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरील सेवाक्षेत्राचा नकाशा पाहावा. प्राधिकरणाच्या २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार असे नकाशे प्रसिद्ध करणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्या परिसरात कोणत्या कंपनीचे मनोरे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर २०१७ पासून पाहता येते.

पाचवी, तक्रार तोंडी करू नये. कंपनीकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील यंत्रणेकडे जावे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही; केंद्र शासनाच्या तक्रार निवारण संकेतस्थळावरून दूरसंचार विभागाकडे मात्र दाद मागता येते. ग्रामपंचायतीने ठराव करून ठिकाण, वेळ आणि मोजलेला चढता वेग यांची यादी जोडली, तर ‘रेंज नाही’ या मोघम वाक्यापेक्षा तिचे वजन अधिक पडते.

मोजमाप कशाचे?

भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट पुरत होते. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. या तिन्ही व्याख्या उतरत्या वाटेच्या वेगावर बेतलेल्या होत्या. ज्या काळात ग्राहक केवळ वाचणारा आणि पाहणारा होता, त्या काळात ते योग्यच होते. आता शासनानेच शेतकऱ्याला पाठविणारा केले आहे. सातबाऱ्यावरची नोंद, विम्याचा दावा, रेशन दुकानातील अंगठा, हे सारे चढत्या वाटेने जाते. कालव्याच्या तोंडाशी किती पाणी सुटले यावर आवर्तन यशस्वी झाले असे कोणी म्हणत नाही. टेलच्या शेतात ते पोहोचले का, हे पाहिले जाते. मोबाईलच्या माहितीसेवेलाही तेच माप लावावे लागेल.